उघड्या दारापुढची रांग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकाला नाही, भावाला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हा तिथंही हा विषय काढत नाही — त्याला ठाऊक असेल तर असू दे, मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसापुढं मान खाली घालायची मला सवय नाही. या वयात लावूनही घ्यायची नाही.

टीव्हीवर अजून अधनंमधनं ती चर्चा लागते. फोनवरचे मेसेज कुलूपबंद असतात, त्याला एन्क्रिप्शन म्हणतात, आणि त्या कुलपाची एक किल्ली सरकारकडं असावी का नसावी — यावर चार-सहा शहाणी माणसं आपापल्या चौकटीत बसून एकमेकांवर ओरडत असतात. आमच्या गल्लीत ती लागली की कोणीतरी मला हाक मारतंच. आप्पा, तुमचं काय म्हणणं हाय? कारण मी एकदा असल्या चर्चेत बोललोय. खऱ्या तज्ज्ञांपुढं, भरल्या हॉलमध्ये, हातात माइक घेऊन. टाळ्या पडल्या होत्या. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्यानं तज्ज्ञांना गप्प केलं, असं लोक सांगतात. मी सांगू देतो.

त्या दिवशी काय बोललो ते सांगायचंय. का बोललो तेही. आणि त्यानंतर माझ्या दारात एक शब्द बोललो — तो शेवटी सांगेन. एकदम तिथं जाता येत नाही. मी प्रयत्न करून बघितला.

मी मूळचा करकंबचा. शाळा सुटली, सोलापूरला मिलमध्ये लागलो, मिल बंद पडली. मग पॉवरलूम. मग डोळे अधू झाले तसे लूमही गेले. शेवटी एका युनिफॉर्मच्या कारखान्यात गेटवर बसलो. शाळेच्या पोरांचे शर्ट, चड्ड्या, पिनाफोर शिवणारा कारखाना, शिलाईला नुसत्या बायका, कापड कापायला, म्हणजे कटिंगला, चार पुरुष. लोक म्हणतील वॉचमन. मी स्वतःला कधी वॉचमन म्हणलं नाही. मालक जाता-येता 'आप्पा' म्हणायचे. दसऱ्याला आपट्याचं पान पहिल्यांदा माझ्या हातात द्यायचे. कोण आत गेलं, कोण उशिरा आलं, कोण कुणाच्या गाडीवरनं उतरलं — सगळं मला ठाऊक असायचं, आणि ठाऊक असण्यात मला लई चव होती. खोटं कशाला बोलू?

सुनेला तिथं मीच लावली. संगीता. लेक ट्रकवर, महिन्यातले अर्धे दिवस हैदराबादकडं. सून घरी बसून काय करणार? मालकांना म्हणालो, माझी सून हाय, माझा शब्द. शब्द म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. संगीताच्या शेजारच्या मशीनवर पद्मा नावाची बाई होती. तेलुगू, आमच्या सोलापुरातल्या विणकरांच्या घरातली. बुटकी, काळी, आणि तोंडाची अशी फटकळ की सुपरवायझरही तिच्यापुढनं जाताना चाल वाढवायचा. संगीता तिला पद्माक्का म्हणायची. डबा एकत्र, चहा एकत्र. घरी आली की पद्माक्का असं म्हणली न पद्माक्का तसं म्हणली.

त्या कारखान्यात बायकांच्या संडासाला कुलूप असायचं. किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर. बायका आत जाऊन फोनवर बोलत बसतात, काम बुडतं — असं मालकांचं म्हणणं होतं, आणि मलाही ते पटायचं. ज्या बाईला जायचं असेल तिनं टेबलापाशी जाऊन किल्ली मागायची. तो कधी लगेच द्यायचा, कधी म्हणायचा, आत्ताच गेलीवतीस की. कधी चारचौघींपुढं विचारायचा, एक नंबर का दोन? पुरुष हसायचे. गेटवरनं मला ऐकू यायचं. हसायचो का? हसायचो.

आता फोनचं सांगतो.

एका संध्याकाळी संगीता भाकऱ्या करत होती. दोन्ही हात पिठात. फोन वाजून थांबला, म्हणून तिनं आतनं सांगितलं, मामा, बघा की जरा कुणाचा हुता, माझं हात भरल्यात. मी म्हणालो, उघडत नाही. तर तिथनंच म्हणाली — वरनं खाली बोट वढा न मग उजवीकडं न्या. एवढंच. तिच्या आईचा होता. मी परत लावला, स्पीकर करून तिच्यापुढं धरला, ती भाकरी थापत आईशी बोलली. मला बरं वाटलं होतं त्या दिवशी. घरचा माणूस म्हणून बरं वाटलं होतं, हे मुद्दाम सांगून ठेवतो. कारण किल्ली मी चोरली नव्हती, ती मला विश्वासानं मिळाली होती.

बरेच दिवस मी काही केलं नाही. मग एका दुपारी संगीता वर गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती आणि फोन टीव्हीपाशी चार्जिंगला होता. का उचलला? सवय म्हणा. गेटवर बसणाऱ्या माणसाला बंद दार दिसलं की हात शिवशिवतात. वरनं खाली, मग उजवीकडं — उघडला.

मला वाचायला वेळ लागतो. पण वाचायचं काही नव्हतंच. या बायका लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. बोटानं दाबलं की आवाज येतो. मी फोन कानाला लावला. पद्माचा आवाज. तिचा बेत चालला होता. मोठ्या शाळांची माणसं माल बघायला कारखान्यात येणार होती. ती आत आली की सगळ्या बायकांनी एकदम मशीन बंद करायचं, उठायचं, आणि काही न बोलता संडासापुढं रांग लावून उभं राहायचं. घोषणा नाही, भांडण नाही. नुसती रांग. पाहुणे विचारतील, ही रांग कसली? मग मालकांनीच सांगावं.

एवढ्यावर मी फोन ठेवला असता. ठेवला असता का? कोण जाणे. पण पुढचा दाबला, आणि त्यात ती माझ्याबद्दल बोलत होती.

"तुझ्या सासऱ्याला कळू देऊ नको बाई. त्यो माणूस न्हाय, मिलचा भोंगा हाय. हितं कुणी शिंकलं की मालकाच्या हापिसात वाजतंय."

आणि खाली संगीतानं उत्तर पाठवलं होतं. तेही दाबलं. शब्द नव्हता त्यात. नुसतं हसू होतं — पोट धरून, श्वास लागेपर्यंत. सून आमच्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, असलं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं ही मुलगी हसतच नाही. ती हसत होती. माझ्यावर हसत होती.

मी आणखी ऐकलं. सगळं ऐकलं. एका ठिकाणी पद्मा म्हणत होती की तिच्या फोनची काच फुटली म्हणून तिनं तो दोन दिवस दिराकडं दुरुस्तीला दिला होता, आणि दीर मालकांच्याच गोडाऊनमध्ये कामाला, म्हणून कुणाला सांगू नको, उगीच बायका घाबरतील. संगीता म्हणाली होती, न्हाय सांगत. आणि तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही. तेवढी एक गोष्ट त्या दोघींतच राहिली. आणि माझ्यात.

जिना वाजला तसा फोन होता तिथं ठेवला. संगीता बादली घेऊन आत आली, मला विचारलं, मामा, चहा ठेवू? मी म्हणालो, ठेव.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या ऑफिसात गेलो. त्या खोलीत मी कायम उभा असायचो. त्या दिवशी मालक म्हणाले, बसा आप्पा. खुर्चीत बसलो, चहा आला, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगितलं — बेत कुणाचा, कोणत्या दिवशी, पुढं कोण राहणार. मालक चिडले नाहीत. हसले. म्हणाले, तुमच्या सुनेला धक्का लागणार नाही. मी तसं मागितलं नव्हतं. पण नको असंही म्हणालो नाही.

तुम्हाला वाटेल मालकांवरच्या इमानामुळं केलं. लोकांना असंच सांगायचं झालं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण इमान-बिमान काही नाही. त्या बाईनं मला भोंगा म्हणलं होतं, म्हणून केलं. तिला तिची जागा दाखवायची होती. ती म्हणली तसाच मी निघालो, हे त्या वेळी माझ्या ध्यानात सुद्धा आलं नाही — आणि आलं असतं तरी गेलोच असतो.

मालकांनी पाहुण्यांना गुपचूप पुढची तारीख दिली. बायकांना कळू दिलं नाही. ठरल्या दिवशी सकाळी पद्मानं मशीन बंद केलं. तिच्यामागं एकेक करून सगळी मशीनं थांबली. गेटपर्यंत तो आवाज थांबलेला कळला मला — कारखाना असा गप्प कधी होत नाही. मी उठून आत बघायला गेलो. बायका पदर खोचून गुपचूप रांगेत निघाल्या होत्या. पद्मा पुढं, संगीता मधे कुठंतरी.

आणि संडासाचं दार सताड उघडं होतं. कुलूप काढलेलं. आत फिनेल मारलेलं, नवी बादली, नवा साबण. दाराला झेंडूचं तोरण. हो, तोरण बांधलं होतं मालकांनी. स्वतः शेजारी हात जोडून उभे होते — या ताई, कुणाला आधी जायचंय? कटिंगचे पुरुष टेबलाला धरून हसत होते. पाहुणे कुठंच नव्हते. त्या बायका उघड्या दारापुढं रांग लावून उभ्या होत्या, आणि मागं फिरावं तर कसं, पुढं जावं तर कसं, हे एकीलाही कळत नव्हतं. काही रडायला लागल्या.

पद्मा आत गेली. दार लावून घेतलं. बाहेर आली, हात धुतले, मालकांकडं बघून म्हणाली, पाणी चांगलं आलंय, आणि जाऊन मशीनवर बसली.

मला तिचा आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्यामागच्या तिघींना आत सोडायचं नाही, असा हुकूम होता. गेटवर कोण होतं? मीच होतो. मी हात आडवा केला. पद्मा नुसती म्हणाली, आप्पा, कालचा डबा आत राहिलाय माझा. मी म्हणालो, बघू. तो डबा पुढं कितीतरी दिवस शिलाईच्या टेबलाखाली पडून होता. आठवडा गेला नसेल, संडासाला पुन्हा कुलूप आलं.

आता खरी गंमत सांगतो — मी गंमत म्हणतोय, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. चौघींचं काम गेलं आणि संगीताचं राहिलं. मग फुटलं कोण? बायकांना हिशोब करायला वेळ लागला नाही. गेटवाल्याची सून. कारखान्यात तिच्याशी बोलणं बंद झालं. कात्री मागितली तर कोणी देत नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी एक बाई तिला ऐकू जाईल अशी म्हणाली, सासऱ्याच्या मिशीला धरून काम टिकवलंय बयेनं. संगीता घरी येऊन जेवत नव्हती. मी विचारायचो, काय झालं गं? ती म्हणायची, काही नाही मामा.

सगळ्या शहरात एकच बाई तिच्या बाजूनं बोलत होती, आणि ती पद्मा होती. संगीता असं करणार न्हाई, मी तिला वळखते, असं ती घरोघरी सांगायची. मग बातमी गेली कशी? पद्मानं टीव्हीवर त्या चर्चा बघितल्या होत्या. सरकारला फोन उघडायची किल्ली पाहिजे, मोठी माणसं पैसे टाकून फोन फोडतात वगैरे. तिनं ठरवलं की आपले फोन कुणीतरी फोडलेत. संगीतावरचा डाग पुसायला तिला दुसरा चोर पाहिजे होता, आणि तो तिनं आभाळात शोधला.

नेमकं त्याच दिवसांत त्या किल्लीच्या कायद्यावर लोकांची मतं घेणं चाललं होतं. इथल्या काही मंडळींनी एका कॉलेजच्या हॉलमध्ये जाहीर चर्चा ठेवली. मंचावर तिघं. पुण्याच्या एक वकीलबाई — किल्ली कुणाकडंच नको म्हणणाऱ्या. एक रिटायर पोलीस साहेब — किल्ली पाहिजेच म्हणणारे. आणि इथलेच एक कॉम्प्युटरचे तरुण प्राध्यापक. वकीलबाईंच्या कानावर पद्माची गोष्ट गेली होती, त्यांनी चौघींना मुद्दाम बोलावलं. पद्मानं संगीताला ओढून नेलं. आणि संगीतानं मला विचारलं, मामा, तुम्ही येता का संगं? चार माणसं ओळखतात तुम्हाला. मला एकटीला भ्या वाटतंय.

मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो, संगीता शेजारी.

पोलीस साहेब बोलायला चांगले. म्हणाले, किल्ली आमच्याकडं सांभाळून राहील, कारणाशिवाय कुणाचं काही उघडणार नाही, ज्यानं काही केलं नाही त्यानं घाबरायचं काय कारण? माना डोलल्या. माझीही डोलली. मग वकीलबाईंनी पद्माला उभं केलं. तिच्या हातात माइक दिला.

"सायेब, आमच्या संडासाची किल्ली बी सांभाळूनच ठेवली हुती. टेबलावर. एक दिवस बी हरवली न्हाई."

आधी हॉल हसला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या हॉलनं वाजवली. पोलीस साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. शेजारी संगीताचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू — किती दिवसांनी. आणि मी? माझे हात मांडीवरच राहिले. गेटवरनं मी हाकललेल्या बाईला शहरातली शिकलेली माणसं टाळ्या वाजवत होती.

मग प्राध्यापक बोलले. भला माणूस, त्याचा काही दोष नाही. त्यानं समजावून सांगितलं की मेसेज इकडून निघाला की कुलपात जातो आणि त्या टोकालाच उघडतो. वाटेत कंपनीलाही तो ऐकता येत नाही. फोनच फोडायची यंत्रं असतात, पण ती मोठ्या माणसांवर चालवतात, शिलाईच्या कारखान्यातल्या बायकांवर कोण चालवणार? म्हणून या ताईंच्या बाबतीत कुलूप मोडलं असं मला वाटत नाही, तो म्हणाला. कुणाच्यातरी उघड्या फोनला दुसऱ्या कुणाचातरी हात लागला असणार.

खरं बोलला. अक्षर न अक्षर खरं. सगळ्या हॉलमध्ये ते खरं आहे हे ठाऊक असलेला माणूस एकच होता.

मग काम गेलेल्या तिघींतली एक उठली आणि बोट संगीताकडं करून म्हणाली, मग ही बसलीय की हितं. हिलाच इचारा. सगळ्या माना वळल्या. संगीता उठून उभी राहिली — का उठली तिलाच माहीत.

त्या वेळी मला काय करता आलं असतं? तीन शब्द पुरे होते. मी ऐकलं हुतं. तिथं ते सुटलं असतं सगळं. संगीता सुटली असती, पद्मा सुटली असती. माझं नाक गेलं असतं, बस.

मी माइक मागून घेतला.

म्हणालो, मी शिकलेला माणूस न्हाय. माझ्या घरात सुनंच्या फोनला कोण शिवत न्हाय. बाईमाणसाचा फोन म्हंजे तिची लग्नातली पेटी. नवऱ्यानं बी इचारल्याबिगर उघडायची न्हाय, सासऱ्याची तर बातच सोडा. हॉलनं टाळ्या वाजवल्या. वकीलबाई सुद्धा वाजवत होत्या. टाळी फार वाईट चीज आहे बघा, ती पडली की पुढचं वाक्य आपोआप येतं. पण दोष मी टाळीवर घालत नाही. पुढचं वाक्य माझ्याकडं आधीपासून तयार होतं.

"मास्तर म्हणत्यात ते बरोबर हाय. कुणाच्यातरी हातात फोन गेला. पद्माबाईंचा फोन दोन दिवस तिच्या दिराकडं हुता. आणि दीर कुणाच्या गोडाऊनला कामाला हाय, हे तिलाच इचारा."

पद्मा एकदम उभी राहिली. दुरुस्तीला दिलता, म्हणाली. मग तेलुगूत काहीतरी म्हणाली, ते मला कळलं नाही. पण हॉलला पाहिजे ते मिळालं होतं. दिराचं तिनं का लपवलं? हा प्रश्न कुणीतरी मोठ्यानं विचारला. वकीलबाईंनी समोरचे कागद गोळा करून उलटे ठेवले.

चर्चा नंतर तासभर चालली. पोलीस साहेब म्हणाले, बघा, म्हणूनच तपासाला किल्ली लागते. वकीलबाई म्हणाल्या, एका उदाहरणानं कायदा ठरत नाही. प्राध्यापक दोनदा म्हणाले, मला असं म्हणायचं नव्हतं. खाली बसलेल्या पद्माचा कुणालाच उपयोग उरला नव्हता. ती माझ्याकडं बघत नव्हती. संगीताकडं बघत होती. दिराची गोष्ट तिनं जगात एकाच माणसाला सांगितली होती.

आणि संगीता माझ्याकडं बघत होती. तिनं ती मला सांगितली नव्हती.

म्हणजे तिला त्याच क्षणी कळलं. रिक्षात ती बाहेर तोंड करून बसली. मी वाट बघितली. काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतर आजपर्यंत नाही. ती बोलणार नाही हे मला ठाऊक होतं — बोलून जाणार कुठं? नवरा ट्रकवर, लेकरू शाळेत, घर माझ्या नावावर. हा हिशोब मी माइक हातात घेण्याआधीच केला होता. रागाच्या भरात बोललो असं कुणी म्हणेल, तर तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात संगीताला कात्री मिळायला लागली. बायकांनी तिची माफी मागितली. संक्रांतीला तिच्या घरी, म्हणजे माझ्या घरी, हळदीकुंकवाला आल्या आणि मला वाकून नमस्कार करून गेल्या. पद्माला दुसऱ्या कारखान्यांनीही घेतलं नाही, आणि एका ठिकाणी घेतलं तर बायकाच म्हणाल्या, ही मालकाची माणूस हाय, हिच्याशेजारी आमी बसणार न्हाय. नवऱ्यानं भावाला घरातनं काढलं. तिचं विड्या वळणं चाललंय असं ऐकलं. मग ऐकलं, सोलापूर सोडून भिवंडीला बहिणीकडं चाललीय.

जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली. आता तिथं आलोच.

दुपार होती. संगीताला सुट्टी, आत ताट वाढत होती. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. पद्मानं उंबऱ्याबाहेर चप्पल काढली, पण आत आली नाही. संगीता हाय का, म्हणाली. मी हाक मारली नाही. पडद्यामागं वाटीचा आवाज होता, तो थांबला. ती ऐकत होती.

पद्मानं पडद्याकडं बघितलं. मग मला म्हणाली, आप्पा, दिराचं तुम्हाला संगीतानं सांगितलं व्हय?

मी म्हणालो, व्हय.

त्याची गरज नव्हती. ती जाणारच होती, उद्या. मी तिला एवढं तरी सोबत नेऊ देऊ शकलो असतो की तिची मैत्रीण खोटी नव्हती. तेही काढून घेतलं. आणि पडद्यामागची ऐकतेय हे ठाऊक असताना काढून घेतलं.

पद्मानं मान हलवली. भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल, फटकळ बाई. हळू आवाजात म्हणाली —

"तुमी गेटवर बसून समद्यांची तोंडं बघितल्यात. वयानं मोठं हाव. तुमाला तरी पटतंय का आप्पा, मी ह्या बायकांना इकलं आसंल?"

तिला दुसरं काही नको होतं. काम नको, माफी नको. सगळं शहर एका बाजूला असताना एक माणूस 'नाही' म्हणेल का, एवढंच बघायला आली होती. कुणी ऐकत नव्हतं तिथं, संगीताशिवाय. टाळी वाजवणारं कुणी नव्हतं. 'नाही पटत' म्हणालो असतो तरी माझं काही जात नव्हतं.

"पटतंय," मी म्हणालो.

तिनं खाली बघितलं, चप्पल पायात घातली, आणि गेली. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत होतो. तिनं वळून बघितलं नाही.

मी आत आलो, पाटावर बसलो. संगीतानं ताट पुढं ठेवलं. मला भूक लागली होती. शेंगाची आमटी चांगली झाली होती, दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि तिनं वाढली.